बाल्याची थकबाकी

ऑक्टोबर १९६६ मध्ये रुमानियातील चाउसेस्कू राजवटीने ७७० क्रमांकाचा हुकूम जारी केला आणि त्या देशात गर्भपात जवळजवळ संपूर्णपणे बेकायदा ठरला. ४५ वर्षांवरील स्त्रिया, चार मुलांच्या माता आणि काही वैद्यकीय अपवाद तेवढे वगळण्यात आले. संततिनियमनाची साधने दुर्मिळ झाली आणि पंचविशी उलटलेल्या निपुत्रिकांवर कर बसला. उद्दिष्ट उघडउघड आर्थिक होते. औद्योगिकीकरणाला हात हवेत आणि जन्मदर तर घसरत चाललेला, तेव्हा माणसांची पैदासही नियोजनाच्या कक्षेत आणावी, असा तो हिशेब होता. पहिल्या वर्षी तो बरोबर आल्यासारखा दिसला. १९६६ मध्ये त्या देशात सुमारे २ लाख ७४ हजार मुले जन्मली होती. १९६७ मध्ये ती संख्या सुमारे ५ लाख २८ हजारांवर गेली.

या मुलांना वाढवायचे कोणी, हा प्रश्न मात्र योजनाकारांच्या तक्त्यात कोठेच नव्हता. पुढे १९८० नंतर परकीय कर्ज झपाट्याने फेडून टाकण्याचा ध्यास राजवटीने घेतला. धान्य, मांस, इंधन देशाबाहेर जाऊ लागले. पाव आणि तेल शिधापत्रिकेवर आले. ऐन थंडीत घरे गारठली. कर्ज १९८९ मध्ये फिटले. परंतु दरम्यान, ज्यांना आणखी एक तोंड पोसणे अशक्य होते अशा आईबापांनी आपली तान्ही मुले सरकारी बालगृहांच्या दारात आणून सोडली होती. सरकार तुमच्यापेक्षा बरे सांभाळील, असेच त्यांना सांगण्यात येत असे. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, गर्भपातबंदी तत्काळ उठली आणि जगाने त्या बालगृहांत प्रथमच डोकावून पाहिले. एक लाखाहून अधिक मुले तेथे होती आणि त्यांतील खरी अनाथ थोडीच होती. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते.

तेथे जे दिसले त्यातील उपासमार, अस्वच्छता आणि रोगराई यांचा बोभाटा पुष्कळ झाला. त्याहून अधिक विलक्षण गोष्ट अशी की, तान्ह्या मुलांच्या त्या दालनांत शांतता असे. रांगेने मांडलेले गजांचे पाळणे, छताकडे लागलेले डोळे, गजाला टेकवून ठेवलेली दुधाची बाटली, आणि रडणे नाही. एका बाईकडे पंधरा-वीस मुले. ती ठरल्या वेळी भरवी, ठरल्या वेळी कपडे बदली आणि पाळी संपली की निघून जाई. रडल्याने कोणी येत नाही हे मूल काही महिन्यांतच शिकते आणि मग रडणे सोडून देते. अशा मुलाला पाहणारा अनोळखी माणूस त्याला ‘गुणी’ म्हणतो. येथूनच पुढच्या सर्व गैरसमजांना प्रारंभ होतो.

पोषण आणि प्रेम

१९९० आणि १९९१ या दीड-दोन वर्षांत युरोप-अमेरिकेतील हजारो दाम्पत्यांनी रुमानियात धाव घेतली. त्यात करुणा होती, तसा बाजारही होता. दलाल उभे राहिले, भाव ठरू लागले आणि बालगृहातील मुलांऐवजी खेड्यातील गरीब घरांतून थेट तान्ही मुले नेण्याचे प्रकार सुरू झाले. अखेर १९९१ मध्ये रुमानियाला परदेशी दत्तकविधान काही काळ थांबवावे लागले. मुले नेणाऱ्यांची सर्वसाधारण श्रद्धा एकच होती: पोटभर अन्न, उबदार घर आणि भरपूर माया मिळाली की मागचे सारे पुसले जाईल.

ही श्रद्धा अर्धी खरी ठरली, आणि किती अर्धी हे सांगण्याचे श्रेय लंडनचे मानसरोगतज्ज्ञ सर मायकेल रटर यांच्या अभ्यासाकडे जाते. ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या १६५ रुमानियन मुलांचा माग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवयापासून थेट विशी उलटेपर्यंत घेतला. तुलनेसाठी सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ ब्रिटिश मुले निवडली. ब्रिटनमध्ये उतरली तेव्हा रुमानियन मुलांपैकी बहुतेकांचे वजन-उंचीचे आकडे चिंताजनक होते. चार वर्षांची होईपर्यंत त्यांनी शरीराची भरपाई बव्हंशी करून टाकली. बुद्धीचीही झेप मोठी होती. सहा महिन्यांच्या आत बालगृहातून बाहेर पडलेली मुले पुढे ब्रिटिश मुलांपासून फारशी वेगळी राहिली नाहीत. सहा महिन्यांहून अधिक काळ आत राहिलेल्यांची कथा निराळी होती. परक्यांशी अवाजवी सलगी, एका जागी चित्त न लागणे, माणसांच्या व्यवहारातील खुणा न उमगणे या अडचणी त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत उत्तम घरातही टिकून राहिल्या. मागे पडलेला बुद्ध्यंक तारुण्यापर्यंत बराचसा सावरला. उलट उदासी व चिंता यांसारख्या तक्रारी तारुण्यातच नव्याने वर आल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात या तरुणांच्या मेंदूचे आकारमान ब्रिटिश दत्तक मुलांच्या तुलनेत सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी आढळले.

तथापि याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि निराशेचा सूर लावणारे ती हटकून वगळतात. दीर्घकाळ बालगृहात राहिलेल्या मुलांपैकीही पाचातील सुमारे एकाला कोणत्याही टप्प्यावर यांपैकी कोणतीच अडचण जाणवली नाही. तेव्हा ‘पहिली दोन वर्षे गेली की सारे गेले’ हा निष्कर्ष जितका सोपा तितकाच चुकीचा आहे.

दुसरा पुरावा खुद्द बुखारेस्टचा. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीनाह या तिघा अमेरिकन संशोधकांनी २००० साली तेथील सहा बालगृहांतील १३६ मुले घेतली. निम्मी चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने निवडून प्रशिक्षित संगोपन कुटुंबांत ठेवली. उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. मुलांच्या नशिबाची अशी सोडत काढावी काय, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो गैरलागू म्हणता येणार नाही. संशोधकांचे उत्तर असे होते की, त्या वेळी शहरात संगोपन कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. जी घरे निर्माण झाली ती या प्रयोगामुळेच, आणि बालगृहातल्या मुलाला घर मिळण्याची संधी आली तर ती अडवायची नाही असे आधीच ठरले होते. साडेचार वर्षांच्या वयात बालगृहातील मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ७३, संगोपन कुटुंबांतील मुलांचा ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९ भरला. घरात लवकर, विशेषतः दोन वर्षांच्या आत, गेलेल्यांचा लाभ अधिक होता. माणसाशी जिव्हाळ्याचे बंध जुळण्याच्या बाबतीत तर तो ठळकपणे अधिक होता. या आकड्यांचा उपयोग झाला. २००४ मध्ये रुमानियाने कायदा करून, अतितीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता, दोन वर्षांखालील मुलाला बालगृहात ठेवण्यास मनाई केली.

नकार कोणाचा?

भूक, मार किंवा भीती यांचा परिणाम समजणे सोपे आहे. काहीच न घडण्याचा परिणाम समजणे अवघड जाते. तान्हे मूल रडते, कोणी उचलून घेते. ते हसते, समोरचा हसतो. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या देवघेवीवर त्याच्या मेंदूची बांधणी चालू असते. देवघेव एकतर्फी राहिली तर मूल व्यवहारच बंद करते. कर्ज बुडवणाऱ्या बँकेत कोणी पुन्हा ठेव ठेवीत नाही. मुलाचा हिशेब याहून वेगळा नसतो. शरीरही तसेच वागू लागते. ताणाच्या प्रसंगी स्रवणारे कॉर्टिसॉल हे द्रव्य एरवी सकाळी अधिक आणि रात्री कमी असते. बालगृहांतील अनेक मुलांत हा चढउतारच सपाट झालेला आढळला.

असे मूल नव्या घरी येते तेव्हा ते कृतज्ञ असावे, ही अपेक्षा बोलून दाखवली जात नाही; पण असते. प्रत्यक्षात चित्र वेगळे दिसते. पडले, ढोपर फुटले, तरी मूल आईकडे धावत नाही. कुशीत घेतले तर अंग ताठ करते. दारात आलेल्या कोणाही पाहुण्याच्या मांडीवर मात्र बेधडक जाऊन बसते. उशीखाली पोळीचे तुकडे, दप्तरात बिस्किटे सापडतात. क्षुल्लक कारणावरून तासभर आकांत चालतो. आईला वाटते, हे मला नाकारते आहे. बापाला वाटते, हे चोरटे आहे. शेजारीण म्हणते, रक्तच वेगळे. यांपैकी एकही निदान खरे नसते. मूल पूर्वी जेथे जगले तेथे जगण्यासाठी जे उपयोगी पडले तेच ते येथे करीत असते. घर बदलले ही वार्ता त्याच्या शरीरापर्यंत अद्याप पोहोचलेली नसते.

अमेरिकेतील मेरी डोझियर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी संगोपन कुटुंबांचे निरीक्षण करताना एक साधी पण मार्मिक गोष्ट टिपली. मूल दूर ढकलते तेव्हा चांगली, प्रेमळ माणसेही नकळत मागे सरतात. त्यामुळे मुलाचा मूळचा समज पक्का होतो. म्हणून त्यांच्या पद्धतीत उपचार मुलावर नसून मोठ्यांवर आहेत. दहा वेळा प्रशिक्षित व्यक्ती घरी येते आणि पालकांना तीन गोष्टींचा सराव देते: मूल मागत नसतानाही माया देणे, खेळात त्याच्या पुढे न जाता मागे जाणे, आणि घाबरवणारे वागणे टाळणे. तुलनात्मक चाचण्यांत या पद्धतीने मुलांचे बंध आणि कॉर्टिसॉलचा दैनिक चढउतार या दोहोंत सुधारणा झालेली दिसली.

एवढे सोपे उपाय सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही. त्यांना चमत्कार हवा असतो. अशा अधीरतेचा एक भीषण दाखला नोंद आहे. २००० साली कोलोरॅडो राज्यात दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला ‘पुनर्जन्म’ नावाच्या उपचारासाठी चादरीत गुंडाळून, उशा लावून, अनेक प्रौढांनी आपल्या भाराखाली दाबून ठेवले. नव्या आईच्या पोटी पुन्हा जन्मल्याचा अनुभव आला की तिचा अलिप्तपणा जाईल, अशी कल्पना होती. श्वास घेता येत नाही असे ती सांगत राहिली आणि ते तिचे नाटक समजण्यात आले. ती गुदमरून गेली. उपचार करणाऱ्या दोघींना प्रत्येकी सोळा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने हा प्रकार कायद्याने बंद केला. मुलाला जबरदस्तीने ‘जोडून घेण्याचे’ कोणतेही शास्त्र नाही, हे त्या मुलीच्या मृत्यूनंतर तरी निर्विवाद व्हावयास हवे होते.

खरे उपाय कंटाळवाणे आहेत. रोजचा क्रम ठरलेला असावा. जेवणाखाली, न्हाऊमाखू घालणे, निजवणे ही कामे पहिले काही महिने एक-दोन माणसांनीच करावीत. भरलेला डबा मुलाच्या हाती लागेल असा ठेवावा आणि तो उघडण्यास परवानगी लागू नये. साठवण्याची गरज सरली की साठवणे हळूहळू कमी होते. शिक्षा म्हणून अंधाऱ्या खोलीत किंवा दाराबाहेर उभे करणे तर सर्वथा वर्ज्य, कारण एकटे पडणे हीच त्याची मूळ जखम. मराठी घरांना एका बाबतीत पाश्चात्यांपेक्षा सोयीचे आहे: मुलाने आईजवळ निजावे की वेगळ्या खोलीत, हा वाद येथे फारसा उद्भवत नाही. दुसऱ्या बाबतीत मात्र आपली रीत अडचणीची ठरते. मूल आले की दोन-चारशे माणसांचे बारसे, या हातातून त्या हातात फिरणारे बाळ आणि आत्या, मावश्या, काकवांची रीघ. ज्याला एक माणूस ओळखायला शिकायचे आहे त्याच्यापुढे एकदम माणसांचा बाजार भरवणे, यात आनंद मोठ्यांचाच असतो.

वारस आणि मूल

महाराष्ट्राला दत्तक हा शब्द नवा नाही. परंतु त्याच्याशी जोडलेल्या आठवणी गादीच्या, वतनाच्या आणि पिंडदानाच्या आहेत. दत्तक नामंजूर करून डलहौसीने सातारा आणि झाशी खालसा केली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दत्तविधान हे वारसासाठी होते. मुलासाठी घर, ही कल्पना त्यात दुय्यम होती. याला एक तेजस्वी अपवाद पुण्यात घडला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याच आश्रयाला आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत याला दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंच्या बरोबरीने रुग्णसेवेत उभा राहिला. यशवंत जन्मापासून मायेच्या हातात होता, ही बाबही येथे लक्षात घ्यावयास हवी.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली आणि एकदा रीतसर झालेले दत्तक रद्द करता येत नाही, असे बजावले. बाल न्याय कायद्याने पुढे धर्माची अट न ठेवता अनाथ, परित्यक्त व सोपवलेल्या मुलांसाठी दत्तकाचा मार्ग खुला केला. आज केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यंत्रणेतून वर्षाला सुमारे चार हजार दत्तके होतात आणि महाराष्ट्र त्यात सातत्याने आघाडीवर असतो. अलीकडच्या वर्षांत नोंदणी करून थांबलेले पालक तीस हजारांवर गेले आहेत आणि कायद्याने मोकळी झालेली मुले दोन-तीन हजारांच्या घरात आहेत. मागणी एवढी असूनही ही मुले शिल्लक का राहतात? कारण मागणी निरोगी तान्ह्या बाळांना आहे. शिल्लक राहिलेल्यांत सहा-आठ वर्षांची मुले, भावंडांच्या जोड्या आणि अपंग मुले यांचा मोठा भाग असतो. म्हणजे ज्यांची थकबाकी सर्वांत जास्त, तीच सर्वांत शेवटी घर पाहतात. आणि त्यातील काही घरी जाऊन परतही येतात. दत्तक मोडण्याची वेळ येते याची दखल २०२२ च्या दत्तक नियमावलीलाही घ्यावी लागली आहे.

अशा परतीचा दोष सरसकट पालकांच्या माथी मारणे सोपे आहे. दत्तक घेण्यापूर्वी त्यांचे उत्पन्न, प्रकृती, चारित्र्य सारे तपासले जाते. घरी आल्यावर मूल पोळ्या लपवील, तुम्हाला ढकलून देईल आणि त्याचा अर्थ काय घ्यावा, हे मात्र सर्वांना नीट सांगितले जातेच असे नाही. नियमाप्रमाणे दत्तक संस्थेने दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी अहवाल द्यावयाचा असतो. रुमानियन मुलांच्या काही अडचणी अकराव्या, पंधराव्या वर्षी आणि त्यानंतरही वर आल्या; दोन वर्षांच्या चार कागदांत त्या कशा सापडणार? मूल सज्ञान होईपर्यंत पालकांना जेव्हा गरज पडेल तेव्हा जाता येईल असे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असणे, ही चैन नव्हे. घर मोडून मूल पुन्हा संस्थेत आले तर त्याचा खर्च समाजच सोसतो, आणि तो अधिक असतो.

शाळेचाही येथे मोठा वाटा आहे. वर्गात जागेवर न बसणारे, सूचना अर्धीच ऐकणारे, प्रत्येक नव्या बाईंच्या गळ्यात पडणारे मूल शिक्षकांना ‘लाडावलेले’ वाटते. त्याला वर्गाबाहेर उभे करण्याची शिक्षा इतर मुलांना लागते त्याहून कितीतरी खोल लागते. ‘माझा वंशवृक्ष’ किंवा ‘माझा जन्माच्या वेळचा फोटो’ असले गृहपाठ देताना वर्गात कोण बसले आहे याचा विचार झाल्यास काही बिघडणार नाही. मुलाला आपण दत्तक असल्याचे घरातून, लहानपणीच, साध्या शब्दांत कळलेले असावे. गाव बदलून, नातेवाइकांना शपथा घालून राखलेले गुपित बहुधा कोणाच्या तरी लग्नघरात फुटते.

आणि वेळेचे काय? नव्या घरी येणाऱ्या मुलाला सर्वाधिक लागते ते एकाच माणसाचे सलग सान्निध्य. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली. पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच. आता बाल न्याय कायद्यानुसार स्वेच्छेने सोपवलेल्या मुलाच्या आईबापांना फेरविचारासाठी ६० दिवस द्यावे लागतात. टाकलेल्या तान्ह्या मुलाच्या बाबतीतही चौकशी आणि घोषणा यांत दोन महिन्यांपर्यंत काळ जातो. त्यानंतर जुळणी, वैद्यकीय अहवाल, ताबा. एवढ्यात तीन महिने सहज उलटतात. म्हणजे कायद्याने एका हाताने दिलेली रजा दुसऱ्या कायद्याच्या वेळापत्रकाने काढून घेतली. चार वर्षांचे मूल रविवारी घरी आणणाऱ्या खाजगी कचेरीतील कारकून बाईला या तरतुदीनुसार सोमवारी कामावर हजर होणे भाग होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तीच अट पुन्हा उतरवण्यात आली, आणि ती रद्द व्हावी म्हणून दोन मुले दत्तक घेतलेल्या एका आईला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले.